खोली आखण्याआधी एकदा टेबलावर आडव्या व्हा

वाचकाचे पत्र: "सप्रेम नमस्कार. मी आणि माझी बहीण, दोघींनी मिळून सहा महिन्यांपूर्वी एक लहानसा स्पा सुरू केला. ट्रीटमेंटची खोली एकच आहे, ९ फूट बाय ११ फुटांची. डोक्याकडच्या भिंतीला आम्ही खडबडीत दगडी फरशा लावल्या आहेत आणि तिथेच वाहत्या पाण्याचे शोभेचे कारंजे आहे. एका लांब भिंतीला दीड फूट खोल लाकडी कपाट, फॉल्स सीलिंगमध्ये सहा दिवे आणि कोनाड्यांत मेणबत्त्या आहेत. खोली पाहताक्षणी प्रत्येक जण 'वा!' म्हणतो आणि फोटोही सुंदर येतात. परंतु मसाज आटोपून बाहेर येणाऱ्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा दिसायला हवा, तो दिसत नाही. दोन पाहुण्यांनी थंडी वाजल्याचे सांगितले, एकाने बाहेरचे बोलणे ऐकू येते अशी तक्रार केली आणि आमच्या थेरपिस्टची पाठ सारखी दुखते. खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून मोठे झाड दिसते. ती कायमची बंद करून तिथे पॅनेल लावावे, असे कंत्राटदार म्हणतो. पायाकडच्या भिंतीसाठी वॉलपेपरचे तीन नमुने सोबत पाठवत आहे: गडद हिरवा, मातकट गुलाबी आणि राखाडी. कोणता निवडावा?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचले आणि सोबतचे फोटो दोन-तीनदा निरखून पाहिले. वॉलपेपरविषयी मी सर्वांत शेवटी लिहिणार आहे, कारण तुमच्या खोलीची अडचण भिंतीच्या रंगात नाही. ही खोली उभ्या माणसाच्या नजरेने सजवलेली आहे. तिच्यात ज्याच्यासाठी सारे मांडले आहे तो पाहुणा मात्र तासभर आडवा असतो, त्याच्या अंगावर एका चादरीखेरीज काही नसते आणि बहुतेक वेळ त्याचे डोळे मिटलेले असतात. दारात उभे राहून 'वा!' म्हणण्याला दहा सेकंद पुरतात, आणि तुमचा सगळा खर्च त्या दहा सेकंदांवर झाला आहे. उरलेल्या तासात पाहुण्याच्या वाट्याला येतात ते ऊब, आवाज, पापण्यांवर पडणारा उजेड, वास, अंगाखालचे कापड आणि आपण सुरक्षित आहोत ही भावना. यांतले काहीच फोटोत उतरत नाही.

म्हणून नवी वस्तू आणण्याआधी एक काम करा. कामाचा दिवस चालू असताना, म्हणजे बाहेर फोन वाजत असताना आणि माणसांची ये-जा असताना, तुम्ही स्वतः पाहुणी व्हा. पाहुण्यांप्रमाणेच कपडे बदला, थेरपिस्टकडून पूर्ण एक तासाचा मसाज करून घ्या आणि मधे एकही सूचना देऊ नका. संपल्यावर लगेच, कपडे घालण्यापूर्वीच, काय खुपले ते कागदावर लिहा. दहा मिनिटांनी त्यातले निम्मे विसरायला होते. हा उपाय मला स्वतःच्या फजितीतून सापडला. सुरुवातीच्या काळात मी आखलेल्या एका खोलीत टेबलाच्या बरोबर वर एक देखणा दिवा लावला होता आणि उभे राहून पाहताना तो मला फार आवडत असे. पहिल्यांदा त्याच्याखाली उताणे पडले तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरवला.

तुमच्या पत्रातून आणि फोटोंवरून त्या कागदावर काय उतरेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो.

प्रथम थंडीविषयी, कारण ज्याला थंडी वाजते तो सैल पडूच शकत नाही. स्नायू आपोआप आखडतात आणि थेरपिस्टची निम्मी मेहनत वाया जाते. अंगावर कपडे नसलेल्या आणि स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा वाटावा, यासाठी हवेचे तापमान साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे लागते. उलट थेरपिस्ट तासभर अंगमेहनत करते, तिला २२ अंशही पुरेसे उबदार वाटतात. खोलीचे तापमान ठरवणारा रिमोट बहुधा तिच्याच हाताशी असतो, त्यामुळे या ओढाताणीत पाहुणा हरतो. यावर तोडगा असा, की खोली २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवावी आणि पाहुण्याची ऊब हवेऐवजी खालून द्यावी. टेबलाच्या गादीवर, चादरीखाली, मसाज टेबलासाठी मिळणारे विजेचे उबदार अंथरूण घाला. ते पाहुणा येण्याच्या अर्ध्या तासापूर्वी सुरू करा आणि तो आडवा झाला की सर्वांत कमी आचेवर आणा. ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झालेली असते, उदाहरणार्थ दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही व्यक्ती, त्यांना चटका बसला तरी कळत नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीतही जपावे लागते. म्हणून हे अंथरूण सुरू ठेवायचे की नाही, हे सुरुवातीच्या विचारपुशीतच ठरवून घ्या.

हवेचा झोत हा थंडीचा दुसरा आणि लपलेला स्रोत आहे. फोटोत एसी पायाकडच्या भिंतीवर दिसतो आणि त्याच्या पट्ट्या खाली वळलेल्या आहेत, म्हणजे थंड हवा थेट तेल लावलेल्या पायांवरून वाहते. उघड्या ओल्या त्वचेला अगदी मंद झुळूकही जाणवते, मग थर्मामीटर काहीही दाखवो. पट्ट्या छताकडे वळवा, पंख्याची गती सर्वांत कमी ठेवा आणि तरीही झोत लागत असेल तर एसीची जागा बदलण्याचा खर्च करा. वॉलपेपरपेक्षा तो अधिक सार्थकी लागेल.

आता आवाज. या विषयावर मी थोडे लांबवणार आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो तो इथेच. बाहेरचे बोलणे आत येते म्हटल्याबरोबर लोक भिंतीवर फोम किंवा जाड पडदे लावतात. या मऊ गोष्टी खोलीच्या आतला घुमारा कमी करतात आणि तुमच्या दगडी भिंतीमुळे तसा घुमारा तुमच्याकडे असणारच. परंतु बाहेरून येणारा आवाज त्या फारसा अडवत नाहीत. आवाज पाण्यासारखा असतो, तो फट शोधतो. दरवाजाच्या किंवा भिंतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी केवळ एक टक्का जागा मोकळी राहिली, तर तो अडथळा कितीही जाड असला तरी आवाज सुमारे २० डेसिबलपेक्षा अधिक घटवू शकत नाही. तुमचे दार ३ फूट बाय ७ फुटांचे असेल आणि खाली पाऊण इंचाची फट असेल, तर ती फट एकटीच दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक टक्का भरते. बाहेर नेहमीच्या आवाजात चाललेले बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. त्यातून २० वजा केले की आत ४० उरतात आणि शांत खोलीत डोळे मिटून पडलेल्या माणसाला तेवढ्यात शब्दन्‌शब्द कळू शकतो. एकदा शब्द कळू लागले की मन ते ऐकत बसते. अर्थ नसलेल्या गुणगुणण्याकडे ते सहज दुर्लक्ष करते, अर्थ असलेल्या वाक्याकडे करू शकत नाही.

म्हणून दाराच्या चारही कडांना रबरी पट्टी लावून घ्या आणि खालच्या बाजूला दार मिटताच आपोआप खाली उतरणारी पट्टी बसवा. दार आतून पोकळ असेल तर भरीव करा, पण पट्ट्यांशिवाय नुसते जड दार लावू नका. मग एका माणसाला खोलीत उभे करून दिवे बंद करा आणि बाहेरचे दिवे लावा. दाराच्या कडेने जिथून उजेड आत येईल तिथून आवाजही येतो. त्यानंतर फॉल्स सीलिंगचा एक तुकडा उचलून वर डोकावा. पुष्कळदा दोन खोल्यांमधली भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच बांधलेली असते आणि वरच्या पोकळीतून आवाज शेजारच्या खोलीतून तुमच्या खोलीत बिनदिक्कत ये-जा करतो. तुमच्याकडे तसे निघाले तर ती भिंत मूळ छतापर्यंत भरून घेण्याला पर्याय नाही. आणि या साऱ्याच्या आधी, एक पैसाही न लागणारा उपाय: स्वागताचा फोन दारापासून दूर न्या आणि ट्रीटमेंट चालू असताना त्या बोळात कोणी बोलणार नाही असा नियम करा.

कारंज्याविषयी मला स्पष्टच लिहिले पाहिजे: ते काढून टाका. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकायला छान असतो हे खरे, पण तासभर हलता येत नसलेल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ठिबकणारे पाणी त्याला निसर्गाची आठवण करून देण्याऐवजी स्वच्छतागृहाची आठवण करून देते, आणि संकोचापोटी तो ते बोलत नाही. पंपाची घरघर वेगळीच. शिवाय आरोग्याचा मुद्दा आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि सूक्ष्म तुषारांवाटे श्वासातून शरीरात जातात. शोभेच्या कारंज्यांमधून अशी लागण पसरल्याच्या घटना नोंदल्या गेलेल्या आहेत. उबदार बंद खोली, तेवढेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारा पंप आणि त्याच्याखाली खोल श्वास घेणारा पाहुणा, हा योग मला मान्य नाही. मंद संगीत पुरेसे आहे. तेही डोक्याजवळच्या स्पीकरवर नको, पायाकडे किंवा वर असावे; वीस मिनिटांत तीच धून पुन्हा ऐकू येईल इतके तोकडे नसावे; आणि 'संगीत हवे की शांतता' हे पाहुण्याला आधी विचारलेले असावे. शांतता मागणारे पाहुणे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच निघतील.

कारंजे गेले की थेरपिस्टच्या पाठीचा प्रश्नही अर्धा सुटेल. जरा आकडेमोड करू. मसाज टेबल साधारण ७३ इंच लांब आणि ३० इंच रुंद असते. चेहरा टेकवण्याची चौकट पुढे जोडली की लांबी ७ फुटांच्या आसपास जाते. खोलीच्या ११ फुटांतून ७ गेले, उरले ४ फूट. त्यांतले अडीच फूट डोक्याकडे हवेत, कारण मान, खांदे आणि चेहऱ्याचे काम थेरपिस्ट तिथे स्टुलावर बसून करते; दीड फूट पायाकडे चालतात. तुमच्याकडे ही वाटणी उलटी झाली आहे. डोक्याकडची जागा कारंज्याने अडवली आहे आणि मोकळी जागा पायाकडे पडून आहे. रुंदीचा हिशेब असाच: ९ फुटांतून टेबलाचे अडीच गेले, उरले साडेसहा, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वातीन फूट. ही उत्तम जागा झाली. पण त्यातले दीड फूट कपाटाने खाल्ल्यावर एका बाजूला पावणेदोन फूट उरतात आणि तिथे उभी असलेली थेरपिस्ट पाय मागेपुढे टाकून अंगाचा भार वापरू शकत नाही. ती कमरेतून वाकते आणि केवळ हातांच्या जोरावर दाब देते. दिवसाला पाच-सहा पाहुणे असे करून कोणाची पाठ दुखणार नाही? त्याचा परिणाम पाहुण्यालाही जाणवतो, कारण शरीराच्या एका बाजूचा मसाज दुसऱ्या बाजूसारखा होत नाही.

कपाट बाहेरच्या बोळात न्या. खोलीत चाकांची एक ट्रॉली आणि भिंतीला आठ इंच खोलीची एकच फळी एवढे पुरे; एका ट्रीटमेंटला लागणाऱ्या वस्तूच आत असाव्यात. ट्रॉलीची चाके रबरी आणि आवाज न करणारी असावीत, बाटल्यांखाली कापड अंथरलेले असावे, कारण काचेवर काच आदळल्याचा आवाज मिटल्या डोळ्यांना फार मोठा वाटतो. टेबलाच्या उंचीचेही पाहा. थेरपिस्टने टेबलालगत ताठ उभे राहून हात सैल सोडले असता तिच्या मुठीची पेरे टेबलाला टेकावीत, हा नेहमीचा ठोकताळा आहे आणि तो प्रत्येक थेरपिस्टसाठी वेगळा येतो. पुढेमागे टेबल बदलणार असाल तर विजेवर खाली-वर होणारे घ्या. चाकाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंचांवर असते. टेबल तिथपर्यंत खाली येत असेल, तर त्या खुर्चीवरचा पाहुणा, गुडघे दुखणारे आजोबा आणि गरोदर स्त्री या सर्वांना कोणी उचलून न घेता टेबलावर जाता येते. आदरातिथ्याचा विचार करताना पायरीचे स्टूल पुढे सरकवण्यापेक्षा हे कितीतरी शोभते.

उजेडाकडे वळते. छतातले सहा दिवे साफसफाईसाठी राहू द्या, पण त्यांचे बटण वेगळे करा आणि पाहुणा आत असताना ते लागणार नाहीत असे पाहा. ट्रीटमेंटच्या वेळचा उजेड खालच्या पातळीवरून आणि भिंतीवरून परतून आलेला असावा. रंगछटा २७०० केल्विनच्या आसपासची, म्हणजे पिवळसर, आणि मंद करता येणारी. मात्र डिमर आणि एलईडी एकमेकांना जुळणारे घ्या, नाहीतर मंद केल्यावर दिवा लुकलुकतो आणि डोळ्यांना ते कळले नाही तरी डोके दुखू शकते. रंगांची अचूकता दाखवणारा सीआरआय हा आकडा ९० किंवा अधिक असलेले दिवेच निवडा, विशेषतः चेहऱ्याच्या ट्रीटमेंटसाठी. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली त्वचेवरची लाली दिसत नाही आणि थेरपिस्टला जिथे थांबायला हवे तिथे ती थांबत नाही.

इथेही उभे आणि आडवे यांत फरक पडतो. फळीच्या खालच्या बाजूला चिकटवलेली दिव्याची पट्टी उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून ती नीट झाकली गेली असे आपण समजतो; उशीवरून पाहिले तर ती सरळ डोळ्यांत जाते. उशीवर डोके ठेवून, डोळे उघडे ठेवून सगळीकडे पाहा आणि ज्या दिव्याचा स्रोत दिसतो तो झाका किंवा हलवा. एसीचा हिरवा आकडा, स्पीकरचा निळा ठिपका यांवर काळी चिकटपट्टी लावा, मात्र धूरसूचकाला हात लावू नका. छतावर डाग, भेग किंवा एसीच्या पाण्याचा ओघळ असेल तर तो पुसून रंगवून घ्या. पाहुणा त्याच्याकडे अर्धा तास पाहणार असतो. पालथे झाल्यावर त्याला चौकटीतून जमिनीचा फूटभर चौकोन दिसतो. फोटोत त्या जागी विजेच्या वायरीचे वेटोळे आहे! वायर भिंतीकडून काढा आणि तिथे हवे तर पाण्यात तरंगते एखादे फूल ठेवा, नाहीतर नुसती स्वच्छ जमीनही पुरते. उबदार अंथरूण, टॉवेल गरम करण्याची पेटी आणि दिवे ज्या सर्किटवर आहेत, त्यावर ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारा ब्रेकर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

टेबलाखालचा जाड गालिचा मात्र ठेवू नये. तेलाचे थेंब त्यात मुरतात, धुऊनही निघत नाहीत, आणि तीन-चार महिन्यांत खोलीला खवट वास येऊ लागतो, जो रोज तिथे वावरणाऱ्या तुम्हाला येत नाही. पुसता येईल अशी, तेल सांडले तरी पाय घसरणार नाही अशी जमीन हवी. टाइल किंवा व्हिनाइल घेताना घसरण्याला विरोध करण्याची तिची श्रेणी विचारा. खडबडीत दगडी भिंतीचेही हेच दुखणे आहे. तेलाचा सूक्ष्म थर आणि धूळ त्या खाचांत बसते. ती भिंत पाडा असे मी म्हणणार नाही, पण कमरेपर्यंतचा भाग सील करून घ्या आणि महिन्यातून एकदा ब्रशने धुवा.

वासाविषयी थोडक्यात. नाकाला कोणत्याही वासाची काही मिनिटांत सवय होते, त्यामुळे थेरपिस्टला डिफ्यूझर, म्हणजे सुगंधी तेलाचा वास हवेत पसरवणारे उपकरण, फिका वाटतो आणि ती आणखी थेंब टाकते. नव्याने आत येणाऱ्याला तो वास डोक्यात जातो. दोन पाहुण्यांच्या मधे खिडकी उघडा, डिफ्यूझर पाहुणा येण्यापूर्वी बंद करा आणि त्याला आवडलेला गंध फक्त त्याच्या तेलात राहू द्या. लव्हेंडरमधले लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतले लिमोनीन हे घटक हवेशी संयोग पावले की त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात, म्हणून बाटल्या गडद काचेच्या, घट्ट झाकणाच्या आणि उघडल्याची तारीख लिहिलेल्या असाव्यात. मेणबत्त्या नकोत. तेल, टॉवेल आणि मिटलेले डोळे असलेल्या खोलीत उघडी ज्योत ठेवण्याइतके तिचे सौंदर्य मोलाचे नाही.

आगीचा विषय निघालाच आहे, तर टॉवेलांबद्दल एक गोष्ट, जी तुम्हाला अंतर्गत सजावटीचा कोणी सल्लागार सांगणार नाही. वनस्पती तेल पूर्ण न निघालेले टॉवेल ड्रायरमध्ये वाळवून गरम असतानाच एकावर एक रचून ठेवले, तर उरलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन आतल्या आत उष्णता वाढत जाते आणि काही तासांनी ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. रात्री दुकान बंद झाल्यावर लागणाऱ्या आगींचे हे एक ज्ञात कारण आहे. टॉवेल गरम पाण्यात चांगल्या डिटर्जंटने धुवा, ड्रायरचे शेवटचे थंड करणारे चक्र मधेच थांबवू नका, पूर्ण थंड झाल्याशिवाय घडी घालू नका आणि वापरलेले तेलकट टॉवेल झाकणाच्या धातूच्या डब्यात, ट्रीटमेंटच्या खोलीबाहेर ठेवा. ज्या टॉवेलला धुतल्यावरही वास येतो तो निवृत्त करा.

ज्या गोष्टीचा पत्रात उल्लेख नाही, पण जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आडोसा. अनोळखी ठिकाणी कपडे उतरवताना माणूस कितीही धीट असला तरी कान दाराकडे असतात. तुमचे दार ज्या बाजूने उघडते त्यामुळे ते किलकिले होताच बोळातून थेट टेबल दिसते. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला बसवल्या तर उघडलेले दारच टेबलासाठी पडद्याचे काम करील. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आत आल्याबरोबर दिसेल अशा जागी दोन भक्कम हुक, बूट काढायला बसता येईल असे आसन, चष्मा आणि अंगठी ठेवायला एक ताटली, आणि आरसा एवढे असावे. कपडे कुठे ठेवायचे, किती उतरवायचे, चादरीखाली उताणे झोपायचे की पालथे, हे थेरपिस्टने बाहेर जाण्यापूर्वी सांगितलेले असावे आणि परत येताना दारावर टकटक करून, उत्तर ऐकूनच आत यावे. घड्याळ थेरपिस्टला दिसावे, पाहुण्याला नाही; आणि ते टिकटिक करणारे नसावे. ट्रीटमेंट संपल्यावर दिवे हळूहळू वाढवा, कारण तासभर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना एकदम लावलेला पांढरा दिवा सुईसारखा टोचतो. बराच वेळ पडून राहिल्यावर झटकन उठले की रक्तदाब क्षणभर उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून आधी कुशीवर वळा, मग दोन मिनिटे बसा, मग उभे राहा, असे सांगण्याची सवय थेरपिस्टला लावा आणि पाय टेकतील तिथे न सरकणारे लहान पायपुसणे ठेवा.

खिडकी बंद करू नका, कंत्राटदाराने कितीही आग्रह केला तरी. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तुमचा पाहुणा रुग्ण नाही आणि तो तासभर बाहेर पाहतही बसणार नाही, त्यामुळे या अभ्यासाचा आधार मी ताणणार नाही. पण आत आल्यावरची आणि उठून बसल्यावरची काही मिनिटे तो डोळे उघडे ठेवून असतो आणि त्या मिनिटांना तुमचे झाड पुरून उरेल. काचेच्या खालच्या भागाला बाहेरून आतले दिसणार नाही अशी दुधी फिल्म लावा, वरचा भाग झाडासाठी मोकळा ठेवा आणि ट्रीटमेंटपुरता ओढायला उजेड अडवणारा पडदा बसवा. पॅनेल लावले तर दोन पाहुण्यांच्या मधे खोलीला मोकळा श्वास देणारी एकमेव जागा तुम्ही गमावाल.

पैसा हात राखून खर्च करायचा असेल, तर या आठवड्यात कारंजे, गालिचा आणि मेणबत्त्या बाहेर काढा आणि एसीच्या पट्ट्या वळवा. याला काहीच लागत नाही. मग दाराच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या, उबदार अंथरूण, दिव्यांची वेगळी बटणे, कपाटाचे स्थलांतर, या क्रमाने जा. टेबल बदलणे पुढच्या वर्षीवर गेले तरी चालेल.

राहिला वॉलपेपर. पायाकडची भिंत ही उठून बसलेल्या पाहुण्याला दिसणारी पहिली गोष्ट आहे, त्यामुळे तिथे काहीतरी हवे हा तुमचा विचार बरोबर आहे. गडद हिरव्यावरून परतलेला उजेड त्वचेला आजारी छटा देतो आणि शेजारच्या आरशात पाहुण्याला स्वतःचा चेहरा ओढलेला दिसेल. राखाडीला दगडी भिंतीची सोबत मिळून खोली आणखी थंड वाटेल. तुमचा मातकट गुलाबी घ्या, पुसता येण्याजोगा आणि चमक नसलेला. पण तो चिकटवण्यापूर्वी नमुन्याचा मोठा तुकडा त्या भिंतीवर टाचून ठेवा आणि टेबलावरून उठून बसताना, मंद दिव्यात, एकदा त्याच्याकडे पाहा.